स्क्रीनची वैधता : बास्केटबॉलच्या एका नियमाची चिकित्सा

१

कोणत्याही खेळाच्या नियमावलीत दोन जातींचे नियम शेजारी शेजारी नांदत असतात. एक जात मोजमापाच्या नियमांची. चेंडू सीमारेषेबाहेर गेला किंवा नाही, आक्रमक संघाच्या वाट्याचे २४ सेकंद संपले किंवा नाही, खेळाडूच्या नावावर पाचवा फाउल लागला किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे रेषा, घड्याळ आणि स्कोअरशीट देऊ शकतात. दुसरी जात निर्णयाच्या नियमांची. येथे नियम केवळ निकष सांगतो. तो निकष समोरच्या क्षणाला लागू पडतो की नाही, हे पंचाच्या दृष्टीवर आणि विवेकावर सोपविलेले असते. बास्केटबॉलमधील अंगस्पर्शाचे बहुतेक नियम या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि त्यांतही स्क्रीनचा नियम सर्वांत अवघड समजला जातो.

स्क्रीन म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या सहकाऱ्याच्या मागावर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत एखादा खेळाडू जाऊन उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याला थांबावे लागते किंवा वळसा घालावा लागतो. तेवढ्या अवधीत सहकाऱ्याला नेम धरण्यास किंवा बास्केटकडे धावण्यास मोकळीक मिळते. ‘पिक अँड रोल’ या नावाने प्रसिद्ध असलेली चाल याच क्रियेवर उभी आहे. यूटा जाझ या अमेरिकन व्यावसायिक संघाच्या जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन या जोडीने १९८५ ते २००३ या काळात ही चाल अशी काही वठवली की, प्रतिस्पर्ध्यांना ती आधीपासून ठाऊक असूनही रोखता येत नसे. आजचे आक्रमण तर बव्हंशी स्क्रीनच्या आधारेच रचले जाते. साहजिकच एका सामन्यात पंचांसमोर अशा कितीतरी स्क्रीन येतात, आणि प्रत्येक वेळी त्यांना क्षणार्धात ठरवावे लागते की, ही आड न्याय्य होती की अन्याय्य.

हा निर्णय घेताना पंचांची, प्रशिक्षकांची आणि प्रेक्षकांचीही नजर सामान्यतः एकाच प्रश्नावर खिळलेली दिसते : स्क्रीन लावणारा हलला काय? नियमातही ‘स्थिर’ हा शब्द ठळकपणे आहे, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. तथापि स्थिरता हे वैधतेचे सर्वस्व आहे, की दुसऱ्याच एका तत्त्वाची ती बाह्य खूण आहे, याचा विचार क्वचितच होतो. नियमाच्या शब्दांची आणि त्यांमागील हेतूची एकत्र तपासणी केल्यास दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक ठरतो, आणि त्याचे परिणाम पंचाच्या प्रत्यक्ष कामापर्यंत पोचतात.

२

स्क्रीनचा प्रश्न समजून घेण्यासाठी खेळाच्या जन्मकथेकडे जावे लागते. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे १३ नियम लिहून काढले. खांद्याने रेटणे, धरून ठेवणे, ढकलणे, पाय अडकवणे आणि मारणे या गोष्टींना त्यांत मज्जाव आहे. स्क्रीनचा मात्र कोठेही उल्लेख नाही. नियमांच्या मुळाशी असलेली मूलतत्त्वे नेस्मिथ यांनी पुढे आपल्या ग्रंथात सांगितली. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाच तत्त्वांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. एक असे की, चेंडू खेळात असताना कोणत्याही खेळाडूला तो मिळविण्यापासून प्रतिबंध असू नये. दुसरे असे की, दोन्ही संघ एकाच क्षेत्रात वावरतील, पण त्यांचा परस्परांशी अंगस्पर्श होणार नाही.

या दोन तत्त्वांच्या सांध्यावरच स्क्रीन उभी राहते. एकाच क्षेत्रात दहा जण वावरणार, प्रत्येकाला हवे तेथे जाण्याची मुभा असणार, आणि तरीही कोणी कोणाला भिडणार नाही, ही कल्पना मनोहर असली तरी व्यवहारात टिकणारी नव्हे. ज्या खेळाडूला जागा घेण्याचा अधिकार आहे, त्याने घेतलेली जागा दुसऱ्याच्या वाटेत येणारच. त्याला तेथून हुसकावता येत नसेल तर दुसऱ्याची वाट अडणार. हुसकावता येत असेल तर अंगस्पर्श होणार. कबड्डीत हा पेच उद्भवतच नाही, कारण तेथे अंगस्पर्श हाच खेळाचा प्राण आहे. बास्केटबॉलने अंगस्पर्श दोषास्पद मानला. म्हणून जागेच्या हक्काची सूक्ष्म व्यवस्था लावणे त्याला भाग पडले.

स्क्रीनचा नियम म्हणजे या व्यवस्थेतील तडजोड होय. प्रतिस्पर्ध्याला रोखण्याचा अधिकार मान्य झाला, पण तो केवळ जागा व्यापून. शरीराचा जोर लावून नव्हे. वाट अडविणे न्याय्य, वाटसरूवर चाल करून जाणे अन्याय्य, असे तिचे सूत्र मांडता येईल. नियमातील प्रत्येक अट या सूत्राशी ताडून पाहिली असता तिचा अर्थ उलगडतो. सूत्र दृष्टीआड केले की तीच अट यांत्रिक होते.

३

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, याची स्थापना १९३२ मध्ये जिनिव्हा येथे झाली. भारतातील अधिकृत स्पर्धा, आणि अर्थातच महाराष्ट्रातील स्पर्धाही, फिबाच्या नियमांनुसार खेळल्या जातात. या नियमावलीचे ३३वे कलम अंगस्पर्शाच्या सर्वसाधारण तत्त्वांना वाहिलेले असून त्यातच वैध आणि अवैध स्क्रीनचे विवेचन येते. त्याचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येतो.

चेंडू जवळ नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्या इच्छित जागी पोचण्यास विलंब लावण्याचा किंवा तेथे पोचूच न देण्याचा प्रयत्न म्हणजे स्क्रीन. स्पर्शाच्या वेळी स्क्रीन लावणारा आपल्या सिलिंडरच्या आत स्थिर असेल आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर असतील, तर ती वैध. स्पर्शाच्या वेळी तो हालचाल करीत असेल. किंवा उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टिक्षेत्राबाहेर स्क्रीन लावताना त्याने पुरेसे अंतर सोडले नसेल. किंवा गतिमान प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत त्याने काळ आणि अंतर यांचा मान राखला नसेल, तर ती अवैध.

यापुढे नियम तीन परिस्थिती वेगळ्या करतो. प्रतिस्पर्धी उभा असून स्क्रीन त्याच्या समोरून किंवा बाजूने, म्हणजे त्याच्या दृष्टिक्षेत्रात लावली जात असेल, तर स्पर्श न करता हवे तितके जवळ जाता येते. प्रतिस्पर्धी उभा असून स्क्रीन त्याच्या दृष्टिक्षेत्राबाहेर असेल, तर स्पर्श न होता त्याला स्क्रीनच्या दिशेने एक स्वाभाविक पाऊल टाकता आले पाहिजे. प्रतिस्पर्धी गतिमान असेल, तर थांबून किंवा दिशा बदलून त्याला स्क्रीन टाळता येईल इतकी जागा सोडावी लागते; हे अंतर एका स्वाभाविक पावलाहून कमी असत नाही आणि दोन पावलांहून अधिक असत नाही. या अटी पाळून स्क्रीन लावली गेल्यावर जो स्पर्श होईल, त्याची जबाबदारी अडविल्या गेलेल्या खेळाडूवर येते.

सिलिंडर ही संज्ञाही येथे लक्षात घेतली पाहिजे. खेळाडूभोवती कल्पिलेला हा एक उभा नळकांडीसारखा अवकाश होय. पुढे तळहात, मागे नितंब आणि दोन्ही बाजूंना हात व पाय यांच्या बाहेरच्या कडा या त्याच्या मर्यादा. हात कोपरात वाकवून वर धरलेले असावेत. ते पावलांच्या व गुडघ्यांच्या पुढे जाऊ नयेत. आणि दोन पायांतील अंतर खेळाडूच्या उंचीला धरून असावे. कंबर बाहेर काढणे, गुडघा आडवा टाकणे, कोपर पसरणे या क्रिया सिलिंडरबाहेरच्या असल्यामुळे, पाय जमिनीला खिळलेले असूनही स्क्रीन अवैध ठरू शकते.

४

भारतीय न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. लक्षण जेथे लागू पडावयास हवे त्यांतील काही स्थळी ते लागू न पडणे ही अव्याप्ति. जेथे लागू पडू नये तेथेही ते लागू पडणे ही अतिव्याप्ति. आणि लक्ष्यात कोठेच लागू न पडणे हा असंभव. एखाद्या क्रीडानियमाची परीक्षा करण्यास ही जुनी कसोटी आजही उपयोगी पडते.

प्रथम व्याख्या. फिबाच्या व्याख्येत प्रतिस्पर्ध्याजवळ चेंडू नसावा एवढेच म्हटले आहे. स्क्रीन लावणाऱ्याजवळ चेंडू असावा की नसावा, याविषयी ती मौन पाळते. हे मौन हितकारक आहे. आक्रमक खेळाडू चेंडू हातात घेऊन उभा राहतो, सहकारी त्याच्या अगदी जवळून धावत येऊन चेंडू घेतो, आणि मागून येणारा बचावपटू चेंडू देणाऱ्याच्या अंगावर अडतो, ही चाल आज सर्रास दिसते. येथे चेंडूधारकच स्क्रीन लावीत असतो, आणि व्याख्या त्याला आपल्या कक्षेत सहज सामावून घेते. या ठिकाणी अव्याप्ति नाही.

अमेरिकेतील शालेय स्पर्धांच्या नियमावलीची रीत निराळी आहे. प्रतिस्पर्ध्याला स्पर्श न घडविता त्याला विलंब लावणारी किंवा रोखणारी वैध क्रिया, अशी तेथे स्क्रीनची व्याख्या केलेली आहे. हिच्यात वैधता लक्षणातच समाविष्ट झाल्यामुळे ‘अवैध स्क्रीन’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघात ठरतो. जे अवैध आहे ते मुळात स्क्रीनच नव्हे, तो निव्वळ अडथळ्याचा किंवा ढकलण्याचा फाउल होय. तार्किक दृष्ट्या ही व्याख्या सोयीची नसली तरी तिचा बोध मोलाचा आहे. स्क्रीन लावणाऱ्याला स्पर्श करण्याचा कोणताही खास परवाना मिळालेला नाही, हे ती ठासून सांगते.

आता ‘स्थिर’ या पदाची परीक्षा. स्पर्शाच्या वेळी हालचाल म्हणजे अवैधता, हा निकष अक्षरशः घेतल्यास अतिव्याप्ति होते. स्क्रीन लावणारा आणि प्रतिस्पर्धी एकाच वाटेने, एकाच दिशेने चालले आहेत, पुढच्याची गती किंचित मंदावली आणि मागचा त्याच्यावर आदळला, अशी कल्पना करावी. पुढचा हालत होता हे खरे. पण दोष मागच्याचा. अमेरिकन शालेय नियमावली हा अपवाद स्पष्ट शब्दांत सांगते, आणि एन.बी.ए.चा नियमही स्क्रीन लावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्याच वाटेने व दिशेने जाण्याची मुभा देतो. फिबाच्या स्क्रीनविषयक मजकुरात हा अपवाद स्वतंत्रपणे मांडलेला नसून तो अंगस्पर्शाच्या सर्वसाधारण तत्त्वांतून काढावा लागतो. पंचाला तत्त्वे अवगत नसतील आणि केवळ सूत्र पाठ असेल, तर येथे तो निरपराध्याला दोषी ठरवील.

उलटपक्षी, ‘सिलिंडरच्या आत’ ही पुरवणी नियमाला मोठ्या अनर्थातून वाचवते. धडक बसणार हे दिसताच माणूस अंग आकसतो, छातीशी हात घेतो, किंचित वळतो. याला हालचाल म्हणावे तर जगातील कोणतीच स्क्रीन वैध राहणार नाही, आणि लक्षणाला असंभवाचा दोष जडेल. परंतु येथील स्थिरता सिलिंडरच्या संदर्भात मोजावयाची आहे. खेळाडूने आपल्या अवकाशाची कड ओलांडली काय, हा प्रश्न आहे. त्याची पापणी लवली काय, हा नव्हे. पुतळ्याची स्थिरता नियमाला अभिप्रेत नाही.

अव्याप्ति मात्र आणखी गंभीर आहे. भरधाव धावणाऱ्या बचावपटूपासून अर्ध्या पावलावर कोणी अचानक येऊन दोन्ही पाय रोवून उभा राहिला, तर स्पर्शाच्या क्षणी तो पूर्णपणे स्थिर असतो. स्थिरतेच्या निकषावर तो निर्दोष. प्रत्यक्षात तो सर्वाधिक दोषी, कारण समोरच्याला थांबण्याची किंवा वळण्याची संधीच मिळाली नाही. म्हणूनच नियमाने काळ आणि अंतर यांची स्वतंत्र अट घातली आहे. स्थिरता पुरेशी नाही, हे नियम स्वतःच अशा रीतीने कबूल करतो.

५

स्थिरता जर अंतिम निकष नव्हे, तर अंतिम निकष कोणता? उत्तरासाठी स्क्रीनची तुलना बचावाच्या नियमाशी करावी. बचावपटूने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले की त्याला वैध बचावस्थिती प्राप्त होते. त्यानंतर ती राखण्यासाठी तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो, आणि तशा सरकण्यात झालेला स्पर्श आपोआप त्याच्या माथी येत नाही. चेंडूधारकाच्या बाबतीत तर काळ आणि अंतर यांचाही विचार करावा लागत नाही. आता तेच एक पाऊल बाजूला स्क्रीन लावणाऱ्याने टाकले आणि स्पर्श झाला, की फाउल होतो. क्रिया एकच, न्याय मात्र दोन. हा पक्षपात नव्हे काय?

वरवर तसे वाटते, परंतु भेदाचे कारण खोल आहे. चेंडूधारकाने बचाव होणार हे गृहीत धरलेच पाहिजे. त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्या समोर असतो आणि त्याची नजर प्रतिस्पर्ध्यावर असते. स्क्रीनचा लक्ष्य असलेला खेळाडू निराळ्या अवस्थेत असतो. त्याची नजर आपल्या गड्यावर किंवा चेंडूवर असते, आणि अडथळा येतो तो तिसऱ्याच माणसाकडून, बहुधा बाजूने किंवा पाठीमागून. जो पाहत आहे त्याच्यापुढे सरकणे आणि जो पाहत नाही त्याच्यापुढे सरकणे, यांत नीतीचाच फरक आहे. समोर अंतराची सवलत, पाठीमागे एका पावलाची सक्ती, गतिमानासाठी एक ते दोन पावलांची मर्यादा, या साऱ्या अटी प्रतिस्पर्ध्याला अडथळा दिसण्याची आणि दिसल्यावर टाळण्याची कितपत संधी आहे, याच एका प्रमाणाने बदलतात. स्क्रीनचा नियम हा वस्तुतः दृष्टीचा नियम आहे. स्थिरतेची अटही त्यातच बसते. कारण हलता अडथळा दिसला तरी त्याचा अंदाज बांधता येत नाही.

हे मान्य केले की नियमातील काही उणिवा नजरेस येतात. दृष्टिक्षेत्र कशावरून ठरवावे? नियम समोर आणि बाजू असे शब्द वापरतो; ते धडाच्या रोखावरून घ्यावेत तर मान वळवून पाहणाऱ्या खेळाडूचे काय, आणि मानेवरून घ्यावेत तर ती निमिषात फिरते. शिवाय बचाव करणारे परस्परांना ओरडून सावध करतात. पाठीमागे स्क्रीन येत असल्याची हाक सहकाऱ्याने दिली असली, तरी कानाने मिळालेल्या ज्ञानाची दखल नियम घेत नाही. एका पावलाचे अंतर तरीही सोडावेच लागते. हे योग्यही आहे. हाक ऐकू आली की नाही हे पंच जाणू शकत नाही, डोळे कोणत्या दिशेला होते हे बऱ्याच अंशी जाणू शकतो. नियमाने सत्याचा थोडा भाग सोडून पडताळण्याजोगा भाग स्वीकारला आहे.

‘स्वाभाविक पाऊल’ हेही असेच एक लवचीक माप आहे. उंच खेळाडूचे पाऊल लांब, बुटक्याचे आखूड. कुमारवयीन मुलींच्या सामन्यातील पाऊल आणि व्यावसायिक पुरुषांच्या सामन्यातील पाऊल यांत मोठे अंतर. हे माप इंचांत किंवा सेंटिमीटरांत दिलेले नाही, यात काहींना शैथिल्य दिसेल. पण हे पाऊल अडविल्या जाणाऱ्याचे आहे, अडविणाऱ्याचे नव्हे, हे ध्यानात घेतल्यास मापाची लवचीकता समर्थनीय ठरते. ज्याला टाळावयाचे आहे त्याच्या शक्तीनुसार अंतर ठरावे, हाच तर नियमाचा हेतू. ठराविक आकडा दिल्याने अचूकपणाचा आभास वाढला असता. न्याय वाढला असता असे नाही.

६

तत्त्वाकडून व्यवहाराकडे वळले असता पंचांच्या निर्णयात दिसणारे बहुतेक दोष क्रमाचे दोष असल्याचे आढळते. पंचाची नजर चेंडूमागे असते. अचानक आवाज होतो, कोणीतरी कोसळते, आणि मग मागे वळून कारण शोधले जाते. पडला म्हणजे ढकलला गेला, हे अनुमान अशा वेळी आपोआप होते. परंतु कार्याच्या तीव्रतेवरून कारणाची सदोषता सिद्ध होत नाही. पाठीमागे नियमाप्रमाणे अंतर सोडून लावलेल्या स्क्रीनवर वेगाने धावणारा, बेसावध खेळाडू आदळला, तर धडक जबर असते आणि तरीही स्क्रीन लावणारा निर्दोष असतो. अमेरिकन शालेय नियमावली तर पुढे जाऊन सांगते की, अशी धडक तीव्र असली तरी आदळणाऱ्याने थांबण्याचा प्रयत्न केला असल्यास ती आनुषंगिक समजावी; म्हणजे फाउल कोणाचाच नाही. धडकेचा आवाज हा पुरावा नव्हे, हे तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत सांगणे कठीण.

याच्या उलट, पाय जागेवर असूनही शेवटच्या क्षणी कंबर किंवा खांदा बाहेर काढून दिलेला छोटासा धक्का आवाज न करता काम साधतो. बचावपटू पडत नाही, फक्त अर्धा क्षण मागे राहतो. आणि तो अर्धा क्षणच आक्रमणाला हवा असतो. ज्याची नजर पतनावर आहे त्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

म्हणून प्रश्नांचा क्रम ठरलेला असणे आवश्यक आहे. पहिला प्रश्न, स्पर्श झाला काय. स्पर्शावाचून स्क्रीनचा फाउल संभवत नाही, मग लावणारा कितीही नाचला तरी. दुसरा, प्रतिस्पर्धी उभा होता की गतिमान, आणि स्क्रीन त्याच्या दृष्टीत होती की बाहेर. तिसरा, त्या परिस्थितीत आवश्यक असलेले अंतर सोडून जागा घेतली गेली काय. चौथा, जागा घेतल्यावर लावणारा आपल्या सिलिंडरमध्ये राहिला काय. पाचवा, त्या स्पर्शाने प्रतिस्पर्ध्याची वाट खरोखर अडली काय. सामान्य व्यवहारात चौथा प्रश्न पहिल्या स्थानी बसतो आणि दुसरा व तिसरा गळून पडतात. जवळ येऊन थांबलेल्या स्क्रीनला त्यामुळे सर्रास माफी मिळते. वस्तुतः बचाव करणारा बहुतेक वेळा पाय सरकवीत असल्यामुळे गतिमानाचा नियम हाच नेहमीचा, आणि हवे तितके जवळ जाण्याची मुभा हा अपवाद होय.

हा क्रम पाळावयाचा तर स्पर्शापूर्वीच नजर योग्य ठिकाणी असली पाहिजे. तीन पंचांच्या पद्धतीत कार्यक्षेत्रांची वाटणी याच कारणासाठी केलेली असते. चेंडूपासून दूर असलेल्या पंचाने चेंडूचा मोह आवरून, जागा घेण्यासाठी निघालेल्या खेळाडूकडे आणि ज्याच्यासाठी ती जागा घेतली जात आहे त्या बचावपटूकडे पाहावयाचे असते. निर्णय देताना तो दोन्ही हात कमरेवर ठेवतो. फिबाच्या खुणांत बचावपटूच्या अवैध अडवणुकीसाठी आणि आक्रमकाच्या अवैध स्क्रीनसाठी ही एकच खूण आहे, आणि दोन्ही दोषांचे कूळ एक असल्याचे ती सुचविते. स्क्रीनच्या दोषात मात्र चेंडू आक्रमकांच्या ताब्यात असल्याने प्रतिपक्षाला फ्री थ्रो न मिळता फक्त बाहेरून चेंडू मिळतो.

आणखी एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. वैध स्क्रीनवर झालेल्या स्पर्शाची जबाबदारी अडविल्या गेलेल्यावर असते, ही नियमाची दुसरी बाजू व्यवहारात फारच दुर्बळ आहे. बचावपटू हाताने रेटून किंवा खांदा घालून स्क्रीनमधून पार होतो आणि त्याकडे काणाडोळा केला जातो. मग स्क्रीन लावणाराही आपली जागा टिकविण्यासाठी आधीच जोर लावून उभा राहतो. एका बाजूच्या शिथिलतेतून दुसऱ्या बाजूचा अपराध जन्मतो, आणि शिक्षा होते ती दुसऱ्याची. नियमाचा तराजू दोन पारड्यांचा आहे. एकच पारडे तपासणाऱ्याला वजन कळत नाही.

७

५ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलँड येथे अमेरिकन महाविद्यालयीन महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतील आयोवा विरुद्ध कनेटिकट हा उपान्त्य सामना झाला. आयोवा ७०, कनेटिकट ६९ अशी स्थिती असताना आणि ३.९ सेकंद उरलेले असताना कनेटिकटच्या आलिया एडवर्ड्स हिने पेज बेकर्स हिच्यासाठी आयोवाच्या गॅबी मार्शल हिला लावलेली स्क्रीन पंचांनी अवैध ठरविली. चेंडू आयोवाकडे गेला आणि त्या संघाने सामना ७१–६९ असा जिंकला. या निर्णयावर मोठा वाद माजला. एका पक्षाचे म्हणणे असे की, नियमाप्रमाणे दोष घडला होता, मग क्षण कोणताही असो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, असे दोष प्रत्येक आक्रमणात दाखविता येतील. अखेरच्या क्षणी सामन्याचा निकाल खेळाडूंनी लावावा, पंचांनी नव्हे.

या वादात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली दिसते. स्क्रीन अवैध होती काय, हा एक. आणि अवैध असल्यास तिची दखल घेणे उचित होते काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला नियमशास्त्रात मान्य असे एक उत्तर आहे. दीर्घकाळ अमेरिकन नियमावलीचे संपादक असलेल्या ओस्वाल्ड टॉवर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारसरणीनुसार, ज्या अवैध कृतीने प्रतिस्पर्ध्याची हानी होते तिला शासन करावे. परिणामशून्य स्पर्शासाठी खेळ खंडित करू नये. फिबाही पंचांना लाभ व हानी यांचा विचार सातत्याने करण्यास सांगते. परंतु हा निकष परिणामाचा आहे, घड्याळाचा नव्हे. पहिल्या मिनिटात जो स्पर्श हानिकारक तो शेवटच्या सेकंदातही हानिकारकच, आणि पहिल्या मिनिटात जो क्षुल्लक तो शेवटीही क्षुल्लक.

या कसोटीला वरील प्रसंग लावला तर चेंडूपासून दूर, कोपऱ्यात घडलेला तो निरुपद्रवी स्पर्श होता, असे म्हणता येत नाही. जी खेळाडू अडविली गेली तीच प्रतिपक्षाच्या प्रमुख नेमबाजावर नजर ठेवून होती. तेव्हा हानी नव्हती हा बचाव टिकत नाही. दुसऱ्या पक्षाच्या तक्रारीत तरीही एक तथ्य उरते. तसाच स्पर्श आधीच्या ३९ मिनिटांत वारंवार सोडून दिला गेला असेल, तर खेळाडूंच्या दृष्टीने नियमाचा अर्थ त्या सोडून देण्यानेच ठरलेला असतो, आणि अखेरचा निर्णय शब्दशः बरोबर असूनही अनपेक्षित ठरतो. अशा वेळी दोष अखेरच्या शिट्टीत शोधण्यापेक्षा आधीच्या मौनात शोधणे अधिक युक्त. नियमाची खरी व्याख्या पुस्तकात अर्धी असते. उरलेली अर्धी सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांत पंचच लिहितात.

महाराष्ट्रातील मैदानांवर या विचाराला एक वेगळे औचित्य आहे. येथील तरुण खेळाडू एन.बी.ए.चे सामने पाहून स्क्रीन लावण्यास शिकतात आणि फिबाच्या नियमांनुसार खेळतात. पडद्यावर जे बिनशिक्षा पार पडताना दिसते, ते येथे फाउल ठरले की पंचावर रोष होतो. सामन्याच्या आरंभीच पहिल्या अवैध स्क्रीनवर दिलेला स्पष्ट निर्णय हे त्या रोषावरचे उत्तम औषध होय; कारण त्यामुळे उरलेल्या काळासाठी सीमारेषा दोन्ही संघांना ठाऊक होते.

८

सारांश, स्थिरता हे वैध स्क्रीनचे महत्त्वाचे लिंग आहे, तिचे स्वरूप नव्हे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, पण धुरालाच अग्नी समजू नये. स्क्रीनच्या नियमाचे स्वरूप असे की, वाट अडविण्याचा अधिकार त्यालाच आहे जो दुसऱ्याला अडथळा ओळखून टाळण्याची संधी देतो. ही संधी दिली गेली असेल तर धडक कितीही जबर असो, स्क्रीन लावणारा निर्दोष आहे. ती हिरावून घेतली असेल तर तो खांबासारखा उभा असला तरी दोषी आहे. नेस्मिथ यांनी कल्पिलेल्या, एकाच क्षेत्रात वावरूनही परस्परांना न भिडणाऱ्या दोन संघांचा आदर्श आज कोणत्याही सामन्यात अक्षरशः साकार होत नाही. पाठीमागून येणाऱ्या अडथळ्यापासून बेसावध माणसाला एका पावलाची हमी देणारा हा नियम जोवर डोळसपणे राबविला जातो, तोवर त्या आदर्शाचा जिवंत अंश खेळात शिल्लक राहतो. खेळाडूच्या पाठीला डोळे नसतात. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी खेळाने पंचावर सोपविली आहे.